दुपारच्या गाण्यांची सुनावणी

तीर्थरूप मामांना,

तुमच्या टाचणीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले. वाकल्यावर टेबलाखाली केव्हाची हरवलेली बॉबिन सापडली. मोठ्यांना नमस्कार केल्याचं फळ लगेच मिळतं, असं मी आता सगळ्यांना सांगणार आहे.) गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की नुसता उतरताना? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही स्वतः करता, की मामी करतात आणि तुम्ही शेजारी बसून मोजता? ताईकडे सगळे बरे असतील. लेकीच्या घरी राहायचं, पण जावयाच्या खुर्चीत बसायचं नाही, हा तुमचा हट्ट अजून चालू आहे असं कळलं. ती खुर्ची जावयांची नाही मामा, त्यांनी ती तुमच्यासाठीच आणलीय. हे मला ताईनं सांगितलं आणि तुम्हाला सांगू नकोस असंही सांगितलं. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला गेला. घरातली कटकट गेली नाही, कारण ती मी आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचारालच. फोनवर मी रेडिओचा 'रे' उच्चारला की तुम्ही फोन मामींच्या हातात देता आणि मामी मला पालेभाजी कशी निवडायची ते सांगू लागतात. पत्राचं तसं नसतं. ते मधेच दुसऱ्याच्या हातात दिलं, तरी पुढचं काय होतं ही रुखरुख राहते. तेव्हा चष्मा लावा, त्या खुर्चीत बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

मामी परवा म्हणाल्या की तिकडे गेल्यापासून तुम्ही रेडिओला हात लावलेला नाही. ताईनं स्वयंपाकघरात लावला तर तुम्ही उठून गॅलरीत जाता. टॅक्सीत बसलात की पत्ता सांगायच्या आधी 'तेवढं बंद करा' म्हणता. गुणगुणणंसुद्धा बंद, दाढी करतानाही. मामा, हे ऐकून मला रडू आलं, ते कशाला लपवू? उभा जन्म तुम्ही अख्ख्या गावासाठी दुपारची गाणी निवडलीत आणि आता तुम्हालाच एक सूर सहन होत नाही. गुडघ्याचं मला काही वाटत नाही, गुडघे सगळ्यांचेच जातात. पण तुम्ही दाढी करताय आणि घर गप्प आहे, हे मला खपत नाही. या पत्रात पुढे मी जे उद्योग केलेले दिसतील ते सगळे एवढ्यासाठीच केले. हे आधीच सांगून ठेवते, कारण वाचताना तसं मुळीच वाटणार नाही.

रेडिओ स्टेशनच्या टेबलावर किल्ली ठेवून तुम्ही निघून गेलात, त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक नाही. नव्या मालकांनी (पूर्वी ते गाद्या विकायचे, अजूनही विकतात, म्हणून आम्ही त्यांना गादीवाले म्हणतो) तुमची 'दुपारची सावली' बंद केली, पण तिच्या जागी काय आणलं ते तुम्ही ऐकलेलं नाही. सकाळी नवी गाणी. दुपारी नवी गाणी. संध्याकाळी, थोडा बदल म्हणून, सकाळचीच नवी गाणी. मधूनमधून निवेदक ओरडून सांगतो की गाणी चालू आहेत. (जणू आमच्या लक्षात आलं नसतं.) माझ्या शिवणाच्या कारखान्यात दोऱ्यांच्या कपाटावर तुम्हीच ठेवून दिलेला रेडिओ आहे. तो बंद करावा तर बायका कामाला कंटाळतात आणि चालू ठेवावा तर माझं डोकं उठतं. आणि पायमशीनचं तुम्हाला माहीतच आहे, पाय आपोआप गाण्याच्या मागे धावतो. पहिल्याच दिवशी सगळ्या मशिनी अशा सुटल्या की वेटरांच्या गणवेशांचा अख्खा गठ्ठा जेवणाच्या सुट्टीआधीच संपला. कारखाना जागेवर राहिला हेच नवल.

आता माझा एक सिद्धान्त आहे, म्हणजे होता. गाणं जसं, तशी टीप. संथ, जुन्या गाण्यावर मारलेली टीप सरळ आणि घट्ट पडते, धांगडधिंग्यावर मारलेली वाकडी पडते. हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की मला ते कुणीतरी शोधून काढलेलं सत्यच वाटू लागलं होतं. (तपासून कधीच पाहिलं नव्हतं. तपासून पाहायला लागलं तर ती शंका झाली, सिद्धान्त कसला?) तेव्हा मी रेडिओखात्याकडे तक्रार केली. मागणी अशी, की प्रत्येक स्टेशननं आपण कोणत्या प्रकारची गाणी लावणार ते सरकारला सांगावं आणि एकदा सांगितलं की परवानगीवाचून बदलू नये. दुकानदारानं पाटीवर चपला लिहून आत छत्र्या विकल्या तर आपण गप्प बसतो का? मग जुन्या गाण्यांचं स्टेशन म्हणून ज्याला परवाना दिला, त्यानं एका सकाळी उठून वाटेल ते वाजवावं, हे सरकारला कसं चालतं?

आमच्या ह्यांना हे अजिबात पटलं नाही. ह्यांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न हे आधी लिफ्टमध्ये घालतात आणि मग बघतात वर जातो की खाली. म्हणाले, सरकारचं काम दोर मजबूत आहे का ते बघायचं, कुणी कोणत्या मजल्यावर जायचं ते नव्हे. मी म्हटलं, ही लिफ्ट एकाच मजल्यावर थांबते आणि दारात गादीवाले उभे आहेत, मग आम्ही काय करायचं? तर शांतपणे म्हणाले, जिन्यानं जा. मामा, नवऱ्यानं असं उत्तर दिल्यावर बाईमाणसानं काय करावं? मी सुनावणीच्या दिवसापर्यंत ह्यांच्याशी फक्त 'वाढू का' आणि 'पुरे का' एवढंच बोलले.

सुनावणी पाणीखात्याच्या सभागृहात होती, कारण रेडिओखात्याला सभागृहच नाही. भिंतींवर नळांचे नकाशे. एक गृहस्थ पहिल्यापासून पुढच्या रांगेत बसून सगळं मन लावून ऐकत होते आणि शेवटी त्यांनी उठून आपल्या नळाला पाणी केव्हा येणार ते विचारलं. माइक बंद होता. आवाजाविषयीची सुनावणी, आणि जो तो जागेवरून घसा ताणून बोलतोय! अधिकारी बाईंना सर्दी झालेली, त्यामुळे त्या काहीही म्हणाल्या तरी दुःखाची बातमी सांगताहेत असं वाटायचं. बाई मात्र फार भल्या. प्रत्येकाचं ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं आणि तिथेच सगळं फसलं.

मला वाटलं होतं, मी एकटीच असेन. पण सरकार गाणी ठरवून देणार अशी कुणकुण लागल्यावर सगळा गाव आपापली यादी घेऊन हजर. दातांच्या डॉक्टरांना दिवसभर नुसती वाद्यं हवी होती, कारण शब्द असले की पेशंट तोंडात यंत्र असताना गाऊ लागतात. मोटार शिकवणाऱ्या बाईंना जलद गाण्यांवर बंदी हवी होती, कारण शिकाऊ माणसाचा पाय त्या तालावर नको तिथे दाबला जातो. (मी टाळ्या वाजवल्या. माझा सिद्धान्त रस्त्यावरही लागू होता तर!) निवृत्त बँडमास्तरांचं म्हणणं, सकाळी कूच करायची धून कायद्यानं सक्तीची असावी, म्हणजे तरुण लोक वेळेवर उठतील. अधिकारी बाई सगळं लिहून घेत होत्या. सगळ्यांचं सगळं मान्य करून त्यांनी वेळापत्रक मांडून पाहिलं, तेव्हा बातम्या सांगायलासुद्धा जागा उरली नाही. मग डॉक्टर मास्तरांवर घसरले, मास्तर मोटारवाल्या बाईंवर घसरले, आणि गादीवाले पाय लांब करून मजा बघत बसले.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमची मागणी जुन्या गाण्यांची आहे, तर जुनं म्हणजे काय ते सांगा, कायद्यात लिहावं लागेल. हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, त्यांच्या तरुणपणी वाजायचं ते जुनं. मोटारवाल्या बाई म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या तरुणपणी वाजायचं ते नवं का? प्रकरण वयावर आलं आणि सभागृह तापलं. मी घाईघाईनं म्हटलं, मामा लावायचे ती जुनी. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कायद्यात 'मामा' लिहिता येणार नाही, कुणाचे मामा असा प्रश्न येईल. सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, हे मामा आलेत का? मी म्हटलं, ते लेकीकडे असतात, गुडघा दुखतो. (खरं कारण भर सभेत कशाला सांगायचं? गुडघ्यावर आळ घेतला, त्याची माफी मागते.)

मग मी हुकमाचं पान काढलं. मी दोन सदरे नेले होते. कापड एकाच ताग्याचं, बेतणी माझी, शिवण आमच्या कॉलरवालीची. ही आमच्याकडे कॉलरी लावते, म्हणून कॉलरवाली. बोलायला फटकळ, पण हात असा की इस्त्रीवाल्याला काम उरत नाही. एक सदरा तिनं गादीवाल्यांचं स्टेशन लावून शिवला. दुसऱ्याच्या वेळी ह्यांनी पूर्वी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली तुमची 'दुपारची सावली' लावली होती. ओळखायला दुमडीच्या आत खुणेचा टाका घातला, तुमच्या सदऱ्याला निळा, त्यांच्या सदऱ्याला लाल. मी दोन्ही टेबलावर पसरले आणि बाईंना म्हटलं, तुम्हीच सांगा, कोणती शिवण सरस आहे. बाईंनी पाहिलं. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढून पाहिलं. नळवाल्या गृहस्थांनीही पाहिलं. सगळ्यांनी एकमतानं एकच सदरा उचलला आणि तो खरोखर देखणा होता, टीप अशी की पट्टीनं रेघ मारावी. मी सगळ्यांकडे एकदा विजयी मुद्रेनं पाहून घेतलं आणि दुमड उलटी केली. टाका लाल.

मामा, मी दुमड पुन्हा उलटी केली. टाका लालच. दुसरा सदरा बघितला तर निळा, आणि त्याच्या बगलेत टीप सरळ जाता जाता मधेच कुठेतरी फिरायला गेल्यासारखी. मला तिथल्या तिथे त्या नकाशातल्या एखाद्या नळात शिरावंसं वाटलं. कॉलरवाली मागेच बसली होती. मी तिला विचारलं, अगं हे काय? तर ती भर सभेत उभी राहून म्हणाली, "ताई, मामांचं गाणं लागलं की माझा हातच थांबतो. ऐकत बसते ना मी. ह्या गादीवाल्यांच्या गाण्यात ऐकण्यासारखं काही नसतंच, मग सगळं लक्ष शिवणीत."

आता तुम्हाला वाटेल, गादीवाले उड्या मारायला लागले असतील. मलाही वाटलं होतं की दुसऱ्या दिवसापासून तो सदरा त्यांच्या दुकानाबाहेर टांगलेला दिसणार. पण त्यांचा चेहरा असा पडला मामा, की मलाच वाईट वाटलं. "ऐकण्यासारखं काहीच नसतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. कॉलरवालीनं दोन्ही वेळा मान हलवली. जिंकलेला माणूस एवढा हिरमुसलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे माझी तक्रार त्या सदऱ्यानं बुडवली आणि त्यांचा अभिमानही त्याच सदऱ्यानं बुडवला. एवढं काम तर कुठल्या वकिलालाही जमलं नसतं.

मग मला बोलायचं होतं ते सगळं सुचेनासं झालं आणि जे आत होतं तेच बाहेर पडलं. मी म्हटलं, टीप वाकडी जाऊ दे, आमची गणवेशाची मागणी उशिरा पुरी होऊ दे, तरी मला ती गाणी हवीत. आमच्या काजवाल्या काकू सदऱ्यांना गुंड्यांची काजं करतात. एकट्या राहतात, दिवसभरात स्वतःहून फारसं बोलत नाहीत. पण दुपारी गाणं लागलं की म्हणायच्या, हे आज माझ्यासाठी निवडलंय बघ. त्यांच्यासाठी कुणी निवडलेलं नसायचं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण कुणीतरी निवडलंय, एवढं तरी खरं होतं. आता जे वाजतं ते कुणीच निवडलेलं नाही, नुसतं वाजतंय. अधिकारी बाईंनी नाक शिंकरलं. (सर्दी होतीच, पण मी ते माझ्या खात्यात धरलं.)

गादीवाले उठले. चिडून बोलले नाहीत. म्हणाले, आज सरकारनं हुकूम काढून माझ्याकडून मामांची गाणी वाजवून घेतली, तर उद्या दुसरा अधिकारी येईल, त्याला मास्तरांची कूच आवडत असेल, मग तुम्ही दिवसभर कूच ऐकाल का? (मला उत्तरं नेहमी घरी गेल्यावर भांडी घासताना सुचतात. हे तर तेव्हाही सुचलं नाही.) आणि पुढे म्हणाले ते तुमच्याविषयी होतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "तुमचे मामा किल्ली ठेवून गेले. भांडले असते, ओरडले असते, तर मी एक तास दिलाच असता. मला काय कळतंय गाण्यातलं? मला वाटलं, त्यांनाच कंटाळा आला असेल." मामा, रागावू नका. पण हे ऐकल्यावर मला पहिल्यांदाच त्यांच्याऐवजी तुमचा राग आला. थोडाच आला आणि लगेच गेला, पण आला होता.

अधिकारी बाईंनी निकाल दिला. गाणी कोणती लावायची हे सरकार स्टेशनला सांगणार नाही, कारण सांगायला बसलं की काय होतं ते सगळ्यांनी सकाळपासून पाहिलंच आहे. स्टेशनचा मनोरा पडणार नाही, एकाचं स्टेशन दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही, एवढं सरकार बघेल. मी पिशवी उचलली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, पण रेडिओच्या काट्यावर एक बारीकशी जागा मोकळी आहे. कमी ताकदीचं, वस्तीपुरतं स्टेशन कुणाला चालवायचं असेल तर सरकार तसा परवाना देतं, आजवर कुणी मागितलेलाच नाही. आहे कुणी? डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले. एवढा वेळ सरकारनं काय काय करावं हे सांगणारे सगळे, मी धरून, एकदम नळांचे नकाशे वाचू लागलो.

आणि शेवटच्या रांगेतून एक हात वर गेला. आमच्या ह्यांचा. मला न्यायला म्हणून आले होते आणि केव्हापासून मागे बसले होते ते मला माहीतही नव्हतं. म्हणाले, आमच्या बाजूच्या उंच इमारतीची लिफ्ट मी बघतो, गच्चीवर मनोरा उभा करून देईन, बाकीचं ही बघेल. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, हा जिना. मामा, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला भर पाणीखात्यात ह्यांच्याकडे बघून लाजल्यासारखं झालं. त्या दिवशी मी ह्यांना 'वाढू का' न विचारताच वाढलं.

तर असं आहे. परवाना आला. गच्चीवर ह्यांनी मनोरा उभा केला. इमारतीतले लोक कुरकुरले, तेव्हा लिफ्टच्या आतला आरसा नवा बसवून दिला, मग ते गप्प झाले. कारखान्याच्या मागची कापडाची खोली आम्ही घेतलीय. चारी भिंतींना तागे उभे रचलेत, त्यामुळे आवाज मुळीच घुमत नाही. परवा गादीवाले स्वतः त्यांच्या गाद्यांच्या ट्रकमधून खोकी घेऊन आले. बघते तर तुमच्या सगळ्या तबकड्या. फेकल्या नव्हत्या, गाद्यांच्या गोदामात दोन मऊ गाद्यांच्या मधे नीट ठेवल्या होत्या. एकीवरही ओरखडा नाही. चहा घेतला, खोलीत उभे राहून एक अख्खं गाणं ऐकलं आणि जाताना म्हणाले, ह्यात ऐकण्यासारखं आहे खरं. दुसऱ्या दिवशी आवाज अजून दबावा म्हणून एक जुनी गादी पाठवली, तीही दाराला लावली.

आता फक्त गाणी लावायची राहिली, आणि तिथेच आमचं घोडं अडलंय. चाचणी म्हणून आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं लावून पाहिली. आमचं स्टेशन पुलापासून इस्पितळापर्यंत ऐकू येतं, त्यापुढे नुसती खरखर. काजवाल्या काकूंनी एकच गाणं तीनदा लावलं, म्हणाल्या, चांगलंय ना मग? कॉलरवालीनं एका रडक्या गाण्यावर दुसरं रडकं, त्यावर तिसरं असं चढवलं, तर इस्पितळातून नर्सचा फोन आला की वॉर्डात कुणी जेवत नाहीये. मी ते सावरायला म्हणून एक जोरकस गाणं लावलं, तर तिचा पुन्हा फोन, की आता टाके घातलेले लोक उठून बसलेत. तबकड्या सगळ्या आहेत मामा, गाणी तीच आहेत, पण 'सावली' काही होत नाही. एका गाण्यातून दुसऱ्यात माणसाला हाताला धरून कसं न्यायचं, ते आम्हाला येत नाही. त्यावरून कारखान्यात रोज भांडणं होतात आणि मजा म्हणजे कामावर कुणीही उशिरा येत नाही, कारण भांडण सुरुवातीपासून हवं असतं.

असो. माझं काही मागणं नाही. नुसती हकिकत कळवावी म्हणून लिहिलं. तुम्ही तिथे सुखात आहात, ताई तुमची काळजी घेते, तेव्हा आमच्या या पसाऱ्याचा विचार मनात आणू नका. मामींना नमस्कार, ताईला आणि जावयांना आठवण, गुडघ्याला शेक.

तुमची, आणि अजूनही टोचणारी,
टाचणी

ता. क. मागणं नाही हे जरा घाईत लिहिलं गेलं. त्याचं असं झालं, की गाणी कोण निवडणार त्याचं नाव परवान्यासाठी सांगावं लागतं. मी तुमचं सांगितलं. अधिकारी बाईंनी विचारलं, त्यांची संमती आहे का? मी हो म्हटलं. येत्या सोमवारी दुपारी सुरुवात. सरकारशी खोटं बोलणं हा गुन्हा आहे, तेव्हा तुमची भाची खरी ठरावी की तुरुंगात जावी हे आता सर्वस्वी तुमच्या हातात आहे. मी तुमच्यावर कसलंही दडपण आणत नाही.

आणखी एक. आज सकाळी त्याच बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमचं स्टेशन कोणत्या प्रकारची गाणी लावणार ते आम्हाला कळवा, एकदा कळवलंत की परवानगीवाचून बदलता येणार नाही. माझा असा संताप झाला मामा! मी त्यांना खडसावलं, की आम्ही काय लावायचं ते सांगणारं सरकार कोण? उद्या आमच्या मनात आलं तर आम्ही कूचसुद्धा वाजवू. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ही सूचना तुमचीच होती, वरच्या लोकांना इतकी आवडली की सुरुवात लहान स्टेशनांपासून करायचं ठरलंय. सध्या लहान स्टेशन एकच आहे. मी फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी पालेभाजीचा विषय काढला नाही, नुसते हसत बसले. सरकारनं गाण्यांत नाक खुपसू नये हे माझं मत पहिल्यापासूनच आहे, हे कृपया लक्षात असू द्या, आणि त्या बाईंना काय कळवायचं तेही तुम्हीच येऊन ठरवा.

शेवटचं. कापडाच्या खोलीचं मी मामींना फोनवर मागेच ओझरतं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, जेवताना त्यांनी ते तुमच्या कानावर घातलं, तुम्ही ताट संपवलंत, हात धुतलेत आणि मग टॉवेल हातात घेऊन उभ्या उभ्या विचारलंत, की खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे. रस्त्याच्या बाजूला होती मामा. तुमच्या गाण्यांत हॉर्न नकोत म्हणून काल आम्ही ती बुजवून घेतली.